लेकरांना आजीकडे सोपवून दोन रात्री बाहेर जाताना

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका आईने विचारलं आहे: मुलगी सव्वाचार वर्षांची, मुलगा १९ महिन्यांचा. मुलगा रात्री अजून अंगावर पितो. मुलगी झाल्यापासून नवरा-बायको एकही रात्र दोघंच कुठे गेलेले नाहीत. शुक्रवारी निघून रविवारी परत, अशा दोन रात्री मालवणजवळ तारकर्लीला समुद्रावर जायचं मनात आहे. सासूबाई म्हणतात, "एवढ्या लहान लेकरांना टाकून कुणी फिरायला जातं का?" नवरा म्हणतो, मुलं दुपारची झोपली की गुपचूप निघू, म्हणजे रडारड नको. माहेर इचलकरंजीला, तिथे आईही सांभाळायला तयार आहे. तर जावं का, मुलांच्या मनावर परिणाम होईल का, कुणाकडे ठेवावं, आणि मागे ताप आला तर काय?

जा. मुलं निरोगी आहेत, सांभाळणारी माणसं त्यांच्या रोजच्या ओळखीतली आहेत आणि प्रश्न दोन रात्रींचा आहे, तेव्हा खुशाल जा. कोल्हापुरात लहान मुलांची डॉक्टर म्हणून मला २७ वर्षं झाली. मायेच्या माणसाकडे दोन दिवस राहिलं म्हणून कुठलं मूल कायमचं दुखावलेलं मी पाहिलेलं नाही. पण तुमच्या प्रश्नात एक वाक्य असं आहे की त्यासाठीच मी हे उत्तर एवढं लांबवते आहे: "झोपली की गुपचूप निघू." हे मात्र करू नका.

आपल्याकडे घरातून निघताना कुणी "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतात. चुकून "जाते" म्हटलं तर घरातली म्हातारी माणसं लगेच दुरुस्त करतात. आपल्याला तो शब्द सवयीचा झालेला असतो, लहान मूल मात्र त्याचा खरा अर्थ रोज शिकत असतं. आई दाराबाहेर गेली, दिसेनाशी झाली, तरी ती कुठेतरी आहे आणि परत येणार आहे, हे बाळाला जन्मतः कळत नाही. साधारण सात-आठ महिन्यांपासून आई नजरेआड झाली की ते कासावीस व्हायला लागतं, दहा ते अठरा महिन्यांच्या सुमाराला हे सगळ्यात जास्त असतं, आणि दोन-तीन वर्षांपर्यंत हळूहळू ओसरतं. तुमचा मुलगा अजून त्या चढावरून पुरता उतरलेला नाही. "येते" म्हणालेली आई खरोखर येते, असं पुन्हा पुन्हा घडलं की त्याचा त्या शब्दावर विश्वास बसतो. तो झोपेतून उठला आणि आई घरात नाहीच, असं झालं तर त्याला एवढंच कळतं, की आपण झोपलो की आई जाते. मग तुम्ही परत आल्यावर तो झोपायला तयार होत नाही, रात्री उठून अंथरूण चाचपतो, तुम्ही संडासला गेलात तरी दार बडवतो. "डॉक्टर, झोपतच नाही, सारखा पदराला धरून असतो," असं सांगत आलेल्या आईला मी आधी विचारते: मध्ये कुठे गेला होतात का, आणि निघताना त्याला सांगितलं होतं का?

ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना तीन दिवसांच्या परिषदेसाठी पहाटेच्या गाडीने गेले. तो गाढ झोपला होता, कशाला उठवा, असं मला वाटलं. परत आले तेव्हा तो आजीच्या कडेवर होता. माझ्याकडे एकदा बघितलं, मान फिरवली आणि आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं. पुस्तकातलं सगळं मला पाठ होतं, तरी बॅग हातात धरून दारातच मला रडू आलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

"मनावर परिणाम होईल का" या प्रश्नावर फार बारकाईने काम झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांबरोबर काम करणारे जेम्स रॉबर्टसन रुग्णालयांत जाऊन लहान मुलांकडे तासन्‌तास लक्ष देऊन बघत बसत. त्या काळी तिथे आईवडिलांना मुलांना भेटायला फार थोडा वेळ मिळायचा. रॉबर्टसनना दिसलं, की मूल आधी आक्रोश करतं, मग खचून गप्प होतं, आणि पुढे आई आली तरी तिच्याकडे पाठ फिरवतं. गप्प झालेलं मूल "रुळलं" असं तिथली माणसं समजत. ते खचलेलं असतं, हे रॉबर्टसन सांगत राहिले. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी जॉयस यांनी, आई रुग्णालयात असलेली चार मुलं एकेक करून स्वतःच्या घरी ठेवून घेतली. वय १७ महिने ते अडीच वर्षांच्या आतलं. जॉयस त्या मुलाच्या खाण्या-झोपण्याच्या सवयी आधी समजून घेत, घरच्या वस्तू सोबत येऊ देत, आईचा फोटो दाखवून तिच्याबद्दल बोलत. मुलं अस्वस्थ झाली, पण कोलमडली नाहीत. त्याच काळात त्यांनी पाहिलेला १७ महिन्यांचा एक मुलगा मात्र नऊ दिवस निवासी पाळणाघरात होता. तिथल्या मुली प्रेमळ होत्या, पण पाळीप्रमाणे बदलायच्या. तो जिला धरायला जाई तिची निघायची वेळ झालेली असे. नऊ दिवसांत तो पार खचला, आणि आई घ्यायला आली तेव्हा तिच्याकडे जाईना.

तुमच्या दोन रात्री म्हणजे ते नऊ दिवस नव्हेत आणि आजी परकी नाही, म्हणून घाबरू नका. पण त्यातून घ्यायचं ते घ्या. मुलाला धरायला एक ठरलेलं माणूस लागतं. आपल्या घरांत प्रेम करणारी माणसं भरपूर असतात आणि नेमकं तिथेच चुकतं. सकाळी आजी, दुपारी आत्ती येऊन घेऊन जाते, संध्याकाळी काका रंकाळ्यावर फिरवून आणतो, रात्री शेजारच्या काकू म्हणतात आज माझ्याकडे झोपू दे. सगळ्यांचा हेतू चांगला असतो, पण पोरगं हातोहात फिरत राहतं. या दोन दिवसांत मुलाला झोपवणारी, भरवणारी आणि रात्री उठल्यावर उचलणारी व्यक्ती एकच ठेवा. बाकीच्यांनी तिला मदत करावी, म्हणजे पोळ्या लाटाव्यात, भांडी घासावीत, मुलीला बागेत न्यावं.

आता कुणाकडे, ते. माझं मत स्पष्ट आहे: मुलं स्वतःच्याच घरात राहावीत आणि आजीने तिथे यावं. तोच पाळणा, तोच न्हाणीघराचा वास, तोच खिडकीतला कावळा. १९ महिन्यांच्या मुलासाठी घर म्हणजेच अर्धी आई. सासूबाई तुमच्याबरोबरच राहतात असं दिसतं, म्हणजे हे सोपं आहे. तुमच्या आईंनी इचलकरंजीहून दोन दिवस राहायला यावं आणि दोघी आज्यांनी एकेक मूल वाटून घ्यावं. मुलगा ज्या आजीजवळ आजही झोपतो त्या आजीकडे मुलगा. यात मानापमान आणू नका, निवड मुलाची आहे. आज्यांच्या गुडघ्यांचाही विचार करा. अकरा किलोचं पोरगं रात्री तीनदा कडेवर घ्यायचं म्हणजे साठीतल्या बाईचं कंबरडं मोडतं. दिवसा हाताखाली रोजची कामवाली बाई थांबवून घेता आली तर थांबवा, मात्र या दोन दिवसांसाठी म्हणून नवीन माणूस आणू नका.

सासूबाईंच्या शब्दाचं मला वाईट वाटलं नाही. त्यांच्या पिढीत आई घराबाहेर रात्र काढायची ती बाळंतपणाला, मयताला किंवा दवाखान्यात. हौसेसाठी बाहेर राहणं त्यांनी पाहिलेलंच नाही. त्यांना वाटतं मुलं टाकून चालला आहात. तुम्ही मुलं सोपवून चालला आहात, हे त्यांना तुमच्या वागण्यातून दिसलं पाहिजे. "तुम्ही सांभाळाल ना?" असं विचारलं की ते काम लादल्यासारखं होतं. "मुलाला तुमच्याशिवाय कुणाकडे ठेवायची माझी हिंमत नाही," हे खरं असेल तर तसं म्हणा. आणि एकदा सोपवलं की त्यांच्या हातात खरोखर अधिकार द्या. दोन दिवसांत मुलीने तीन तास टीव्ही बघितला, रात्री साडेदहाला झोपली, भाजी न खाता नुसता पांढरा रस्सा-भात खाल्ला, तरी काही बिघडत नाही. आजी मीठ-मोहरीने दृष्ट काढणार असेल तर आनंदाने काढू द्या, मुलांना ते आवडतंच. तुम्ही नियमांचे चार कागद भिंतीला लावून गेलात तर आजी धास्तावते, आणि धास्तावलेल्या माणसाच्या कडेवर मूल शांत राहत नाही.

काही गोष्टींवर मात्र अडून बसा, आणि त्या जाता जाता न सांगता समोर बसून बोला. रडणाऱ्या मुलाला गप्प करायला आपण सर्रास म्हणतो, "रडलास तर आई येणारच नाही." आईची वाट बघणाऱ्या लेकराला याहून मोठी भीती घालता येत नाही. "आई भुर्र गेली" हेही नको. त्याऐवजी प्रत्येक वेळी एकच वाक्य: "आई-बाबा फिरायला गेलेत, रविवारी जेवायला येणार." मुलाला रविवार कळत नाही, पण आजीच्या आवाजातली खात्री कळते. त्याला रडू आलं तर रडू द्यावं, कडेवर घ्यावं, "आई पाहिजे ना तुला? येणार हं आई," म्हणावं. त्याच्याकडे तुम्हा दोघांचा एक फोटो ठेवा, हातात धरता येईल असा. तुमच्या जुन्या साड्यांची वाकळ घरात असेल तर तीच त्याच्या अंगावर घाला, आणि आठवडाभर आधी ती धुऊ नका. हा उपाय मी नेहमी सुचवते आणि तो फार उपयोगी पडतो.

निघण्याची तयारी महिनाभर आधी सुरू करा. त्यातला सगळ्यात मोठा भाग रात्रीच्या दुधाचा आहे, म्हणून तो नीट लिहिते. पुष्कळ घरांत असा सल्ला मिळतो, की बरं झालं, या निमित्ताने दूध सुटेल, दोन दिवस आई दिसलीच नाही की विसरेल. कृपा करून असं करू नका. एकाच वेळी आईही नाही आणि दूधही नाही, असा दुहेरी घाव कशाला? शिवाय जागतिक आरोग्य संघटना सांगते तसं दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही पाजायला हरकत नाही. तोडायचंच असेल तर तो वेगळा विषय, या सहलीच्या आधी किंवा नंतर काही आठवडे सोडून. आता करायचं ते इतकंच, की तुमच्याशिवाय झोपण्याची त्याला सवय व्हावी. पुढचे तीन आठवडे आठवड्यातून तीन-चार रात्री त्याला आजीने झोपवावं, तुम्ही घरात पण दुसऱ्या खोलीत. पहिल्या दोन रात्री तो ओरडेल. रात्री उठला तर आजीने आधी पाणी, मग थोपटणं, मग हवं तर वाटी-चमच्याने किंवा पेल्याने कोमट दूध द्यावं. बाटली नव्याने सुरू करू नका. दिवसा आणि पहाटे तुम्ही पाजतच राहा. मग एक संध्याकाळ दोघं तीन-चार तास बाहेर जा, "येते" म्हणून, आणि सांगितलेल्या वेळेला या. मग एक अख्खा दिवस. मग एक रात्र गावातच कुणा नातेवाइकाकडे राहा, म्हणजे गरज पडली तर दहा मिनिटांत घरी. या तीन पायऱ्या नीट पार पडल्या तर दोन रात्री जमतील. मधल्या पायरीवर तो फार बिथरला, खाणंच सोडलं, तर बेत दोन महिने पुढे ढकला. त्या वयात दोन महिने म्हणजे खूप मोठा काळ असतो, मूल पार बदलून जातं.

तिकडे गेल्यावर तुमची छाती भरून येईल. पाच-सहा तासांनी, किंवा जड वाटेल तेव्हा, हाताने थोडं दूध काढून टाका, मऊ पडेपर्यंतच. ते साठवून घाटातून घरी आणायच्या भानगडीत पडू नका. उन्हातल्या गाडीत ते टिकत नाही, आणि १९ महिन्यांच्या मुलाला दोन दिवस वरचं दूध पुरतं. काढून टाकलेल्या दुधाचा जीवाला घोर लावून घेऊ नका. दोन दिवसांत दूध आटत नाही. गाठ लाल झाली, दुखायला लागली आणि थंडी वाजून ताप आला, तर मात्र तिथल्याच डॉक्टरांना दाखवा.

मुलीचं वेगळं आहे. ती सव्वाचार वर्षांची, तिला सगळं कळतं, फक्त वेळ कळत नाही. महिनाभर आधी सांगू नका, ती रोज विचारून हैराण होईल. तीन-चार दिवस आधी सांगा. दिनदर्शिकेवर दोन चांदण्या काढा: या रात्री आजीजवळ झोपायचं, या रात्री आजीजवळ झोपायचं, आणि या चौकोनात आई-बाबा येणार. प्रत्येक सकाळी तिने एक चांदणी खोडावी. शुक्रवारी शाळेतून न्यायला कोण येणार, डब्यात काय असणार, झोपताना गोष्ट कोण सांगणार, हे तिला आधी माहीत हवं. दोन वाक्यं टाळा. एक, "भावाला सांभाळ हं, तू मोठी आहेस." ती मोठी नाही; हे ओझं ती खरंच उचलते, आणि मग तो रडला की तिलाच अपराधी वाटतं. दुसरं, "रडली नाहीस तर खेळणं आणेन." आईची आठवण येऊन रडू येणं हा गुन्हा नाही. मालवणहून तिच्यासाठी शंख-शिंपले आणा, पण रडली तरी तिला मिळाले पाहिजेत.

व्हिडिओ कॉल मुलीला चालेल, रोज एकदा, ठरलेल्या वेळी, संध्याकाळी जेवणाआधी. झोपायच्या वेळी नको, तेव्हा मन आधीच हळवं असतं. मुलाला शक्यतो दाखवूच नका. आईचा चेहरा दिसतो, आवाज येतो, पण आई उचलून घेत नाही, हे त्याच्या समजेपलीकडचं आहे. नुसता बघितल्यावर जो रडायला लागतो तो तासभर थांबत नाही.

आता ताप. ही भीती खरी आहे आणि तिची तयारी कागदावर करायची आहे. एका कागदावर मोठ्या अक्षरांत मुलांची नावं, जन्मतारखा, या आठवड्यात केलेलं वजन, कशाची ॲलर्जी असेल तर ती, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या रुग्णालयाचा फोन, रुग्णवाहिकेचा १०८. खाली "आमच्या अनुपस्थितीत मुलांच्या उपचारांबाबत निर्णय घेण्यास आजी-आजोबांना आमची संमती आहे" असं लिहून दोघांच्या सह्या आणि तारीख. विम्याच्या कार्डाची झेरॉक्स त्यालाच जोडा. तातडीचा उपचार अशा कागदावाचून अडत नाही, पण तो हातात असला की आजीचा पाय दवाखान्याकडे लवकर वळतो.

पॅरासिटामॉलबाबत सगळ्यात जास्त घोळ होतो. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली, दोन्हींवर नाव तेच असतं, पण ताकद वेगळी. थेंबांच्या १ मिलीत बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या ५ मिलीत कधी १२०, कधी १२५, कधी २५०. सिरपचा पाच मिलीचा डोस लक्षात ठेवून कुणी थेंबांच्या बाटलीतून पाच मिली दिलं तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. असं चुकून झालेली मुलं मी तपासलेली आहेत. हिशेब वजनाचा असतो: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १२५ ताकदीचं सिरप एका वेळी ५ मिली, दोन डोसांत किमान चार, शक्यतो सहा तास. म्हणून घरात एकच बाटली ठेवा, दुसरी कपाटात कुलूपबंद करा. तुमच्या मुलांच्या वजनाप्रमाणे डोस तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मापाच्या सिरिंजवर मार्करने रेघ मारून ठेवा. दिलेल्या डोसची वेळ कागदावर लिहायची, म्हणजे आजीने दिल्यावर आजोबा परत देणार नाहीत. सर्दी-खोकल्याची मिश्र औषधं मुळीच ठेवू नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा २०२३ सालचा आदेश आहे. झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून देण्याची पद्धत आहे, तीही या दोन रात्री बंद.

जुलाब-उलट्या लागल्या तर ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धं अर्धं करून नव्हे, आणि एकेक चमचा देत राहायचं. डब्यातलं तयार गोड पेय ओआरएस समजून देऊ नका.

आजीला एवढं पाठ करून द्या: मूल पाणीसुद्धा घेत नाही, ग्लानीत आहे, सात-आठ तासांत लघवी नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, किंवा अंगावर दाबून न जाणारे लाल-जांभळे डाग आहेत, तर आधी दवाखाना, मग तुम्हाला फोन. याच क्रमाने. "पोरांना काळजी नको" म्हणून किंवा "आधी विचारून घेते" म्हणून वेळ घालवू नये. तापात झटका आला (सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत काहींना येतो) तर कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर १०८.

खरं सांगायचं तर आजारापेक्षा मला घरातल्या वस्तूंची जास्त भीती वाटते. आजी-आजोबांच्या उशाशी रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांची पिशवी असते. साखरेची एक गोळी १९ महिन्यांच्या मुलाने गिळली तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तुमच्या आई येतील तेव्हा त्यांची पर्स खुंटीला उंच लावा, हे विसरायचं नाही. न्हाणीघरातली भरलेली बादली उपडी करून ठेवा. रिमोटमधल्या, वजनकाट्यातल्या गोल चपट्या बॅटऱ्या गिळल्या तर काही तासांत अन्ननलिका भाजते, त्यांची झाकणं चिकटपट्टीने बंद करा. गॅस गिझर असेल तर आंघोळीला खिडकी उघडी. आणि भडंग! आपल्याकडे संध्याकाळी डबा उघडला की पोरांच्या मुठीत भडंग जातंच, आणि त्यात अख्खे शेंगदाणे असतात. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा दुर्बिणीने काढावा लागलेली मुलं मी दर वर्षी पाहते. धाकट्याला शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नाहीत. मुलीला बसून, समोर लक्ष देऊन. आजोबांना नातवाला पहाटे दूध कट्ट्यावर नेऊन समोर काढलेलं धारोष्ण दूध पाजायची हौस असेल. ती हौस मला समजते, तालमीतल्या पैलवानांच्या या गावात ते प्रेमाचंच लक्षण आहे. पण न उकळलेलं दूध लहान मुलांना नको. म्हशी बघायला न्या, दूध घरी आणून तापवून द्या.

ठिकाणाबद्दल. तारकर्ली सुंदर आहे, पण घाट धरून चार तास लागतात. पहिल्या खेपेला परतीचा रस्ता दीड-दोन तासांच्या आत असेल असं ठिकाण घ्या. पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे, राधानगरी किंवा गगनबावडा साधारण पंचावन्न. तुम्हाला समुद्रापेक्षा दोन सकाळी उशिरा उठणं आणि गरम जेवण गरम असताना जेवणं जास्त हवं आहे, असं तुमचा प्रश्न वाचून वाटलं. ते पन्हाळ्यावरही मिळेल. मोबाइलला रेंज नसेल तर राहण्याच्या ठिकाणाचा फोन आजीच्या कागदावर लिहा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पंचगंगेपलीकडे कुठेच नको. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन तो बंद पडला, तेव्हा पलीकडे अडकलेल्या आईबापांचे फोन मला येत होते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे. त्या दिशेने पाणी चढत असेल तर खोली रद्द करा, पैसे गेले तरी चालतील. इचलकरंजीही पंचगंगेवरच आहे, मुलं तिकडे ठेवली तर हा प्रश्न दुप्पट होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

आणखी काही वेळा टाळाव्यात. मुलीची शाळा नुकती बदलली असेल, घर बदललं असेल, दोघांपैकी कुणाला त्या आठवड्यात ताप असेल, तर नको. आणि तुमचं स्वतःचं मन घेत नसेल, केवळ नवरा म्हणतो म्हणून जायचं असेल, तरी नको. पण तुमच्या प्रश्नावरून तसं दिसत नाही. तुम्हाला जायचं आहे, आणि ते लिहिताना तुम्ही तीनदा माफी मागितली आहे. ती मागायची गरज नाही.

निघताना दुपारचं जेवण झालेलं, मूल जागं आणि पोट भरलेलं असावं. त्याला कडेवर घ्या, सांगा, पापा घ्या, आजीच्या कडेवर द्या, "येते हं" म्हणा आणि निघा. रडला तर परत वळून तिसऱ्यांदा जवळ घेऊ नका, त्याने त्याचा गोंधळ वाढतो. बहुतेक मुलं पंधरा-वीस मिनिटांत खेळायला लागतात. कोपऱ्यावर गाडी थांबवून आजीला एक फोन करा, मग पुढे जा.

रविवारी अंधार पडायच्या आत, शक्यतो जेवायलाच घरी पोहोचा आणि सोमवारी सकाळी दोघांपैकी एकाने तरी सुट्टी घ्या. मुलगी भडाभडा सगळं सांगेल. मुलगा कदाचित तुम्हाला ओळख दाखवणार नाही, आजीला चिकटेल, जवळ घेतलंत तर ढकलेल, चापटही मारेल. पुढचे चार-आठ दिवस रात्री जास्त उठेल, मुलगी एखाद वेळी अंथरूण ओलं करेल. हे चालतं. "आईला विसरला बघा" असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका; तुमच्यावरचा राग काढण्याएवढा तुमच्यावर विश्वास आहे त्याचा. त्याला ओढून घेऊ नका, खेळणंही पुढे करू नका. आजीच्या शेजारी जमिनीवर बसा, पिशवीतलं सामान सावकाश काढा, आजीशी बोला. हात मोकळे ठेवा.

माझ्या मुलाला त्या दिवशी पाऊण तास लागला. मी आजीजवळ बसून मेथी निवडत होते. आधी त्याने लांबून एक काडी उचलून माझ्याकडे टाकली, मग दुसरी आणून हातात दिली, मग मांडीवर येऊन बसला आणि माझ्या दंडाला कडकडून चावला. मी त्याला म्हटलं, "न सांगता गेले ना मी? आता सांगून जाईन." त्याला किती कळलं माहीत नाही. त्यानंतर मात्र पहाटेच्या गाडीला निघायचं असलं तरी त्याला उठवून सांगितल्याशिवाय मी घर सोडलं नाही.